कोंबड्यांच्या शेडवर पाचट, अन् लेकीच्या डोक्यावर नुसता पत्रा

(मार्च महिन्यात झालेल्या आपल्या प्रभागसंघाच्या मेळाव्यात आमच्या एका पशुसखी ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या ताई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी ते जसं बोलल्या तसंच छापत आहोत.)



मला शेळ्या-कोंबड्यांवर बोलायला सांगितलं की मी तासभर बोलते, तुम्हाला माहीतच आहे. आज मात्र मी घरावर बोलणार आहे. घराच्या छपरावर. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण मार्च लागलाय. अजून दीड महिन्यानं आपण सगळ्या दुपारी पदरानं वारा घेत बसणार आहोत. म्हणून आत्ताच बोलते. मे महिन्यात बोलून काही उपयोग नाही, तेव्हा पत्र्यावर चढताही येत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. गटातून कर्ज घेऊन मी शंभर गावरान पिलं आणली होती. प्रशिक्षणात सांगितलं होतं की उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडवर उसाचं पाचट टाकायचं, पत्रा चुन्यानं पांढरा करायचा, बाजूला गोणपाटाचे पडदे सोडून ते ओले करायचे. मी सगळं केलं. कर्जाचं जनावर होतं ना, मरून कसं चालेल? एक पिल्लू उन्हानं दगावलं नाही. मला फार अभिमान वाटला होता.

त्याच एप्रिलमध्ये माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना होता. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर पत्रा. दुपारी जेवून ती आतल्या खोलीत पंख्याखाली पडायची. मला वाटायचं, सावलीत आहे, पंखा आहे, अजून काय पाहिजे?

एका दुपारी मी शेडवर पडदे ओले करत होते. धाकट्यानं हाक मारली, "आई, ताई काहीबाही बोलायलीय." मी पळत आले तर लेक घामानं चिंब, अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे जड, मी विचारते एक अन् ती सांगते दुसरंच. आम्ही ओल्या कपड्यानं अंग पुसलं, 108ला फोन केला, दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. पोटातल्या लेकराचे ठोके नीट होते, देवाची कृपा. डॉक्टर बाई तपासून झाल्यावर म्हणाल्या, "उन्हात गेली होती का?" मी म्हणलं, "नाही हो, उंबऱ्याबाहेर पाय टाकू दिला नाही." त्या म्हणाल्या, "मग दुपारची झोपते कुठं?" मी म्हणलं, "पत्र्याच्या खोलीत." त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

घरी आले अन् कोंबड्यांच्या शेडमधला तापमापक काढला. पिलांच्या ब्रूडरमध्ये टांगतो तो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता लिंबाच्या सावलीत टांगला, 41 अंश. कोंबड्यांच्या शेडमध्ये टांगला, 39. माझ्या लेकीच्या खोलीत टांगला, तर 44.

बायांनो, मी चुलीपुढं बसून रडले. शंभर कोंबड्यांना मी माझ्या लेकीपेक्षा बरं छप्पर दिलं होतं. कारण कोंबड्यांचा हिशोब गटाच्या वहीत होता, लेकीच्या खोलीचा कुठंच नव्हता.

लेकीला मग शेजारच्या जुन्या माडीच्या घरात खालच्या खोलीत झोपवलं. बाळ पंधरा दिवस आधी आलं, जरा कमी वजनाचं, पण आता दुडूदुडू पळतंय. उन्हामुळंच ते लवकर आलं असं मी म्हणणार नाही, डॉक्टर बाईही तसं म्हणाल्या नाहीत. पण गरोदरपणात जास्त उष्णता आई अन् बाळ दोघांना धोक्याची असते, हे त्यांनी समजावून सांगितलं.

आता बघू, पत्र्याचं घर एवढं तापतं का.

मे महिन्यात आपल्याकडं सूर्य अगदी डोक्यावर येतो. एक दिवस तर दुपारी सावलीच पडत नाही, पेपरात त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. म्हणजे उन्हाचा सगळ्यात जास्त मारा भिंतीवर नाही, छपरावर असतो. पत्रा पातळ. दुपारी तो 60 अंशांच्या पुढंही जातो. तो नुसती हवा गरम करत नाही, तवा जसा समोर बसलेल्याला झळ देतो तशी खाली बसलेल्याला झळ देतो. पंखा काय करतो? वरची तीच गरम हवा खाली फेकतो. हवा अंगापेक्षा गरम झाली, म्हणजे 37च्या बरीच वर गेली, की पंख्यानं गारवा मिळेनासा होतो.

आता गोधडीचं बघा. आपण म्हणतो गोधडी ऊब देते. गोधडीत काय शेगडी आहे? ऊब आपल्या अंगाची. गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही, कारण जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा अडकून बसते. अडकलेल्या हवेतून उष्णता सहज पुढं सरकत नाही. अन् बर्फवाला काय करतो? तोही बर्फ भुश्यात अन् गोणपाटात गुंडाळतो. थंडीत ऊब राखायची अन् उन्हात गारवा राखायचा, दोन्हीला उपाय एकच, मधी थर पाहिजे. घराला गोधडी पांघरायची, एवढंच माझं म्हणणं.

हे आपल्याला नवीन आहे का? माझं माहेर लातूरकडचं. आमचं माळवदाचं घर होतं. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर चिपाडं, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी आजी दरवर्षी नवी माती टाकून घ्यायची. मे महिन्याच्या भर दुपारी आत गेलं की रांजणाजवळ बसल्यासारखं वाटायचं. आमच्या म्हाताऱ्यांना इन्सुलेशन हा शब्द माहीत नव्हता, पण काम माहीत होतं.

मग ते माळवद गेलं कुठं? तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्या बायांना सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते, अन् पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव जरा लांब होतं, आम्ही वाचलो. पण लातूर-उस्मानाबादमध्ये हजारो माणसं त्याच जाड भिंतींखाली अन् त्याच मातीच्या माळवदाखाली गाडली गेली. त्यानंतर आमची आई कितीतरी दिवस घरात झोपली नाही. म्हणायची, "छप्पर हलकं पाहिजे गं, अंगावर पडलं तर लेकरं उठली पाहिजेत." लोकांनी पत्रे घातले ते काही वेडेपणानं नाही, जिवाच्या भीतीनं.

म्हणून मी कुणालाच सांगणार नाही की पुन्हा जड माती डोक्यावर घ्या. छप्पर हलकंच ठेवायचं. पण हलकं म्हणजे उघडं नव्हे.

आम्ही काय केलं ते सांगते. पुढच्या वर्षी फाल्गुनात काम काढलं.

पहिलं काम, ऊन वरच्या वर परत पाठवायचं. काळं लुगडं उन्हात तापतं, पांढरं कमी तापतं. पत्र्याचा गंज तारेच्या ब्रशनं घासला, धुतला, वाळल्यावर प्रायमर मारला अन् पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. चुना स्वस्त पडतो, पण पत्र्यावर टिकत नाही, पहिल्याच पावसात धुऊन जातो. ज्यांना रंग परवडत नाही त्यांनी दरवर्षी चुना मारला तरी चालेल, चुन्यात डिंक किंवा पांढरा गोंद मिसळायचा. ज्यांचा सिमेंटचा स्लॅब आहे त्यांच्यासाठी मात्र चुना उत्तम, तिथं तो चांगला धरतो. स्लॅबचं दुखणं वेगळं आहे. तो दिवसभर ऊन पितो अन् रात्री झोपायच्या वेळी आत सोडतो. स्लॅबवाल्यांना रात्री दहाला जास्त उकडतं ते त्याच्यामुळं.

दुसरं काम, गोधडी. बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून आणले अन् पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून बांबूच्या चौकटीवर तारेनं बांधले. ती वीतभर जागा सगळ्यात महत्त्वाची. तट्टा पत्र्याला चिकटवला तर अर्धा उपयोग गेला. त्या जागेच्या दोन्ही टोकांना बारीक जाळी लावली, म्हणजे गरम हवा बाहेर निघून जाते अन् साप, उंदीर, चिमण्या आत शिरत नाहीत. तट्ट्याच्या खालून जुन्या साड्यांचं अस्तर शिवलं, भुसा गळत नाही.

तिसरं काम, हवा. आढ्याजवळ भिंतीत दोन झरोके पाडले. गरम हवा वर चढते, तिला वाट पाहिजे. दिवसा खिडक्या लावून घ्यायच्या, पडदे सोडायचे, संध्याकाळी ऊन उतरलं की सताड उघडायच्या. आपण नेमकं उलटं करतो. भर दुपारी वारा येईल म्हणून खिडकी उघडतो अन् रात्री चोराच्या भीतीनं बंद करतो. खिडकीला जाळी अन् गज बसवा, पण रात्री उघडी ठेवा.

चौथं काम फुकटचं. पश्चिमेच्या भिंतीला मांडव घालून दोडक्याचा वेल चढवला. संध्याकाळचं तिरपं ऊन भिंत तापवतं, ते वेलानं अडवलं. भाजी झाली ती वेगळीच.

खर्च विचाराल. रंग अन् प्रायमर 3,200, तट्टे 2,800, बांबू, तार, जाळी मिळून 900, मजुरी 600. एकूण 7,500 रुपये. 10 बाय 12च्या दोन खोल्यांचा हा हिशोब. पत्रा घासायचं काम घरच्यांनी केलं, नाहीतर मजुरी वाढली असती.

गेल्या एप्रिलमध्ये परत तोच तापमापक टांगला. दुपारी दोन वाजता लिंबाखाली तेच 41. खोलीत 39. आता 39 म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. घाम येतोच. पण 44मध्ये माणूस बसू शकत नाही अन् 39मध्ये बसू शकतो, हा फरक ज्यानं भोगला त्याला कळतो. वरून झळ मारायची ती तर गेलीच.

अन् नुसता उन्हाळ्याचाच फायदा नाही. थंडीत पत्र्याला पहाटे आतून घाम यायचा, अंथरुणावर थेंब पडायचे, ते बंद झालं. पावसाळ्यात पत्र्यावर सरी आल्या की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता आवाज निम्म्यावर आला, धाकटा पावसातही अभ्यास करतो. सकाळचं दूध दुपारपर्यंत नासत नाही. सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, त्यांची औषधं ठेवायला एक गार कोपरा झाला.

आता सावधगिरीच्या गोष्टी. ह्या नीट ऐका, कारण पाच अंशांसाठी कुणाचा हातपाय मोडायला नको.

पत्र्यावर चढायचं तर सकाळी लवकर, चप्पल काढून नाही, घट्ट बूट घालून. पाय पत्र्याच्या मधोमध टाकायचा नाही, खालच्या वाशाच्या रेषेवर टाकायचा किंवा फळी टाकून तिच्यावरून चालायचं. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर अजिबात चढू नका, तो एकदम फुटतो. तो घासू नका, कापूही नका, जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. त्या घराला आतून तट्टा लावा, तेवढं पुरे.

चुना कालवताना तो उकळतो. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. लेकरांना लांब ठेवा, हातात मोजे अन् डोळ्याला चष्मा लावा. उडालाच तर भरपूर पाण्यानं धुऊन लगेच दवाखाना गाठा.

चुलीच्या वर तट्टा, साडी, पाचट काही लावू नका. आमच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यावर आम्ही नुसता पांढरा रंग दिला. थर्माकोल स्वस्त मिळतो म्हणून कुणी लावतं, तोही चटकन पेटतो. अन् तट्ट्यावरून वायर उघडी नेऊ नका, पाइपातून न्या.

पत्रा उडू नये म्हणून आपण वर दगड ठेवतो. ते दगड वादळात आपल्याच डोक्यात पडतात. दगड काढा, हुक अन् बोल्ट आवळून घ्या.

आता येते मूळ मुद्द्यावर, ज्याच्यासाठी मी आज उभी राहिले.

हे काम काढायचं ठरवलं तेव्हा मी आमच्या गटात 8,000 रुपयांच्या अंतर्गत कर्जाची मागणी केली. आमचे मालक म्हणाले, "घराला कशाला कर्ज? घर काय अंडी देतंय?" ते घरचे. पण गटातल्या बायांनीही तेच विचारलं. शेळीला कर्ज देऊ, पिठाच्या गिरणीला देऊ, घराच्या पत्र्याला कसं द्यायचं, परत कुठून येणार? दोन बैठका वाद झाला. मलाही धड उत्तर देता येईना.

उत्तर आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी दिलं. त्या म्हणाल्या, "माझी मशीन पत्र्याखाली आहे. एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बारा ते पाच मी मशीनला हात लावू शकत नाही. रोजचे पाच तास, दोन महिने. ह्याच दिवसांत लग्नसराई असते. हा तोटा कुठल्या वहीत लिहू?" सगळ्या गप्प झाल्या. मग एकेक बोलायला लागली. पापड-कुरडया करणारी बोलली. घरात म्हातारं माणूस अंथरुणावर असलेली बोलली. एक जण म्हणाली, मागच्या उन्हाळ्यात लेकराच्या जुलाबाला अन् सलाईनला तीन हजार गेले. ते कर्ज गटानं दिलं होतंच की, आजारपण म्हणून! म्हणजे आजारी पडल्यावर पैसे देतो, आजार येऊ नये म्हणून मागितले तर उत्पादक नाही म्हणतो.

माझं कर्ज मंजूर झालं. दहा हप्त्यांत फेडलं, एकही हप्ता चुकवला नाही. गेल्या वर्षी शिवणकामवाल्या ताईंनी घेतलं, त्यांचंही चालू आहे.

घर हे बाईचं कामाचं ठिकाण आहे, मैत्रिणींनो. पुरुष दुपारी पारावर, झाडाखाली जाऊन बसतो. त्याला कुणी काही म्हणत नाही. आपण कुठं जायचं? गरोदर बाई, ओली बाळंतीण, म्हातारी सासू, तान्हं लेकरू, ह्यांचा सगळा दिवस त्या पत्र्याखाली जातो. अन् पत्रा कुठला घालायचा, खिडकी कुठं ठेवायची, हे ठरवताना ह्यांतल्या कुणालाच विचारत नाहीत.

बाहेर बायांनी हे करून दाखवलंय. अहमदाबादला 2010च्या मे महिन्यात उन्हानं फार माणसं दगावली, त्यानंतर 2013ला तिथल्या महापालिकेनं उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. तिथं महिला हौसिंग ट्रस्ट ही संस्था वस्तीतल्या बायांना बरोबर घेऊन घरांची छपरं पांढरी करते. आपल्या शेजारच्या तेलंगणानं 2023ला थंड छपरांचं धोरणच काढलं. आपण गावातल्या बायांनी मागं का राहायचं?

म्हणून प्रभागसंघाकडं माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, गटाच्या अंतर्गत कर्जाच्या कारणांत "छप्पर व घर दुरुस्ती" हे कारण लिहून घ्यावं. ग्रामसंघाच्या समुदाय गुंतवणूक निधीतून सूक्ष्म नियोजन करताना घराचं छप्पर विचारात घ्यावं.

दोन, रंग, जाळी अन् प्रायमर सगळ्या गावांचं मिळून एकदम घ्यावं. एकटीनं दोन डबे घ्यायचे अन् पन्नास जणींनी मिळून शंभर घ्यायचे, भावात फरक पडतोच. तट्टे आपल्याच भागातल्या बुरूड भगिनींकडून घ्यावेत, त्यांच्या हाताला काम.

तीन, ज्यांचं घरकुल मंजूर झालंय त्यांच्यासाठी काम सुरू होण्याआधी एक बैठक घ्यावी. घरकुलाचे जे पैसे येतात, त्यात घर कसंबसं उभं राहतं, हे मान्य. पण झरोका ठेवायला, खिडकी समोरासमोर घ्यायला, स्लॅबवर चुना मारायला वेगळे पैसे फारसे लागत नाहीत. गवंड्याला आधी सांगावं लागतं, एवढंच. अन् ते सांगायला घरातल्या बाईनं तिथं उभं राहावं लागतं.

जास्त वेळ घेत नाही. यंदा लेक परत आलीय, नातवाला घेऊन. परवा दुपारी तो त्याच खोलीत झोपला होता, उघडाबंब, शांत. आमचे मालक दारात उभं राहून बघत होते. मी म्हणलं, "काय हो, घर अंडी देत नाही म्हणत होतात?" ते काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी भावाला फोन लावून रंगाच्या डब्याचा भाव सांगत होते.

एवढं बोलून मी थांबते. 

<b>घरी गेल्यावर ह्या आठवड्यात करा</b>

1. दुपारी दोन वाजता घरातल्या प्रत्येक खोलीत दहा मिनिटं बसून बघा. सगळ्यात तापणाऱ्या खोलीत कोण झोपतं ते आठवा.

2. गरोदर, बाळंतीण, म्हातारं माणूस अन् तान्हं लेकरू ह्यांची दुपारची झोपायची जागा आधी बदला. त्याला पैसा लागत नाही.

3. दिवसा खिडक्या बंद, रात्री उघड्या. पश्चिमेच्या बाजूला पडदा किंवा वेल.

4. पत्र्यावरचे दगड उतरवा, बोल्ट आवळा.

5. अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, चक्कर आली तर सावलीत आणा, ओल्या कपड्यानं अंग पुसा, 108ला फोन करा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

6. पुढच्या गट बैठकीत छपराचा विषय अजेंड्यावर घ्या, अन् ठराव लिहून ग्रामसंघाकडं पाठवा.